रिपोर्टची शेवटची ओळ

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या माझ्या ऑपरेशननंतरचा जो मोठा बायोप्सी रिपोर्ट आहे, त्याच्या तिसऱ्या पानावर, सहीच्या जरा वर, बारीक इंग्रजी अक्षरात एक ओळ आहे: एमएमआरची तपासणी करून घ्यावी. (गाठीतल्या पेशी जनुकांतल्या चुका दुरुस्त करतात का, ते बघायची ही तपासणी.) रिपोर्टवर तारीख जानेवारी २०२२ ची. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली मे २०२३ मध्ये, तीसुद्धा पोरीने बोट ठेवून दाखवली तेव्हा. मधले सोळा महिने ती फाइल आमच्या कपाटात सात-बाराच्या उताऱ्यांशेजारी पडून होती.

औषधाबद्दल सगळे विचारतात. "ते नवीन इंजेक्शन म्हणे, किमो नाही म्हणे." सांगतो, पण आधी ती ओळ. तिच्याशिवाय ते औषध माझ्यापर्यंत आलंच नसतं.

चोपडा तालुक्यात माझी केळीची बाग आहे. २०२१ च्या पावसाळ्यात मृगबागेची लागवड चालू होती आणि मला बांधावरून विहिरीपर्यंत जाताना धाप लागायला लागली. आई म्हणाली, "रगत कमी शे तुनं." हिमोग्लोबिन निघालं ७.२. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. थोडं वाढायचं, परत उतरायचं. शौचाला काळपट होतं म्हटलं तर गोळ्यांमुळे होतं म्हणाले. मग कोणी मूळव्याध म्हटलं, तर मलमही लावून झालं. सहा महिने असेच गेले.

आता कळतं की सत्तेचाळीस वर्षांच्या गड्याचं रक्त उगाच कमी होत नाही, ते कुठेतरी गळत असतं. जमिनीखाली ठिबकची नळी फुटली की वरून काही दिसत नाही, फक्त टोकाची झाडं माना टाकतात. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ तशीच. बऱ्याचदा दुखत नाही, लाल रक्तही दिसत नाही, नुसती पाझरत राहते. शेवटी जळगावला दुर्बिणीने तपासलं तर गाठ समोरच बसलेली.

ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं. उजवीकडचं आतडं काढलं. अठरा लिम्फ नोड तपासले, दोनमध्ये कॅन्सर. म्हणजे तिसरी स्टेज. मग सहा महिने किमो. त्याचं फार सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं. एकच सांगतो, त्यातल्या एका औषधाने थंडीचा असा झटका बसतो की फ्रिजमधली दुधाची पिशवी हातात घेतली तर काटे टोचल्यासारखं होतं. चव्वेचाळीस डिग्रीच्या जळगावात मी कोमट पाणी पीत होतो.

एप्रिल २०२३ मध्ये सीईए नावाची रक्ततपासणी वाढून आली. पाचच्या आत असते, माझी ८४. सीटी स्कॅनमध्ये लिव्हरवर तीन डाग. चौथी स्टेज. त्या दिवशी घरी येताना विदगावच्या पुलावर गाडी थांबवून मी बराच वेळ तापीकडे बघत बसलो होतो. बायको काही बोलली नाही. मग म्हणाली, "चला, कापणीवाले येऊन बसले असतील."

डॉक्टरांचा बेत होता दुसरी किमो आणि सोबत बेव्हॅसिझुमॅब. थोरली पोरगी तेव्हा शिरपूरला बी.फार्म करत होती. तिला फोनवर नाव सांगितलं तर म्हणाली, "पप्पा, तुमचं एमएसआय नाहीतर एमएमआर केलंय का?" मला तर दोन्ही ठाऊक नव्हतं. दोन्ही एकाच बिघाडाच्या तपासण्या, हे नंतर कळलं. शनिवारी ती घरी आली, जमिनीवर फाइल पसरून बसली आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं.

डॉक्टरांना विचारलं. चिडले नाहीत, पण म्हणाले, "चौथ्या स्टेजच्या शंभर पेशंटमध्ये चार-पाच जणांचंच तसं निघतं. कशाला मागे लागता?" आकडा खरा आहे, नंतर मुंबईतही तोच ऐकला. पण तपासणी काही हजारांची, आणि चार-पाचमध्ये मी नाही हे न बघता कसं कळणार? मला त्यांचा राग इतकाच की ती ओळ त्यांच्याच फाइलमध्ये होती. तेव्हा घाईत राहून गेली असेल. पण सोळा महिन्यांनी विचारल्यावरही "कशाला" म्हणायचं, हे काही मला पटलं नाही.

रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला निघालो. सकाळी दादरला उतरून परळच्या टाटाला. नंबर यायला दुपार झाली. तरुण डॉक्टरीण फाइल चाळत म्हणाली, "काका, ब्लॉक आणलाय?"

"कसला ब्लॉक?"

इथे जरा सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या माणसाची एक फेरी वाचेल. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे तुकडे लॅबवाले मेणात बसवून ठेवतात. आगपेटीपेक्षा लहान प्लॅस्टिकची चौकट, तिच्यात पांढरं मेण, मेणात करड्या रंगाचा बोटाच्या नखाएवढा तुकडा, कडेला पेन्सिलीने नंबर. हा ब्लॉक. त्याचे पातळ काप काढून नवीन तपासण्या करता येतात, काही वर्षांनीसुद्धा. तो पेशंटला मागता येतो. आम्ही न मागता मुंबई गाठली होती, म्हणून त्याच रात्री परत.

जळगावच्या लॅबमध्ये अर्ज दिला, आधारची झेरॉक्स दिली, रजिस्टरमध्ये सही केली. काउंटरवरच्या म्हाताऱ्या माणसाने ब्लॉक कागदी पाकिटात घालून दिला आणि म्हणाला, "मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नका. मेण आहे." मे महिना होता. ते मेण साधारण पंचावन्न ते साठ डिग्रीला वितळतं आणि आमच्याकडे बंद गाडीत भर दुपारी तेवढं सहज होतं. मी पाकीट जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं, डब्याला ओलं उपरणं गुंडाळलं आणि तो मांडीवर घेऊन एसटीत बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, "काय शे त्यामा, लोणी?" मी हो म्हटलं. काय सांगणार होतो!

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. चार प्रथिनांची नावं होती: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. पहिली दोन होती, पुढची दोन नव्हती. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं समजलं. पेशी एकीच्या दोन होताना आतली सगळी पोथी पुन्हा उतरवून काढते. उतरवताना चुका होतातच, फेरफार नोंदवताना तलाठी कार्यालयात होतात तशा. ही चार प्रथिनं म्हणजे चुका धरणारे कारकून. माझ्या गाठीत दोन कारकून कामावर नव्हते, म्हणून चुकांचा ढीग साचला होता.

गंमत पुढे आहे. एवढ्या चुका असलेली पेशी अंगातल्या सैनिक पेशींना परकी दिसते. त्या तिच्यापर्यंत पोचतातही. पण सैनिक पेशीवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो आणि गाठ नेमका तोच दाबून धरते. औषध म्हणजे कारखान्यात बनवलेली अँटिबॉडी. ती जाऊन पीडी-१ वर बसते, म्हणजे गाठीला तिथे हात घालता येत नाही. कॅन्सरला औषध स्वतः मारत नाहीच. ज्याच्या गाठीत चुका थोड्या, त्याच्या सैनिकांना आधी ओळखच पटत नाही, मग ब्रेक सोडून काय उपयोग? म्हणून हे औषध आतड्याच्या प्रत्येक पेशंटला देत नाहीत. आमच्या गावात आता ज्याला त्याला "ते इंजेक्शन घ्या" म्हणतात, त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

औषधाचं नाव पेम्ब्रोलिझुमॅब. पोरीने सांगितलं की नावाच्या शेवटी मॅब असलं की ती अँटिबॉडी. मग मी विचारलं, आधीच्या डॉक्टरांचं बेव्हॅसिझुमॅबही मॅबच की? तेही अँटिबॉडीच, पण काम वेगळं. ते गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या नळ्या वाढू देत नाही, ब्रेकशी त्याचा संबंध नाही. अशा ब्रेकच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो या दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं, हेही तिनेच सांगितलं.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी गोड बोलून विकलं नाही, हे मला आवडलं. त्यांनी एका मोठ्या अभ्यासाचे आकडे सांगितले. माझ्यासारखेच ३०७ पेशंट. निम्म्यांना हे औषध, निम्म्यांना किमो. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मधला काळ किमोवर ८.२ महिने, या औषधावर १६.५. कडक दुष्परिणाम किमोवर शंभरात ६६ जणांना, यावर २२ जणांना. आणि मग म्हणाले, "पण दहातल्या तिघांना याचा सुरुवातीपासूनच उपयोग होत नाही, आजार वाढतच जातो. ते आधी ओळखता येत नाही. ज्यांना लागू पडतं त्यांना मात्र खूप काळ टिकतं." मी केळीवाला माणूस. वादळ येईल का नाही हे माहीत नसताना लागवड करतोच. हो म्हटलं.

पैशाचं लपवत नाही. ऑपरेशन योजनेत बसलं होतं, हे औषध आमच्या बाबतीत बसलं नाही. दोनशे मिलिग्रॅमचा एक डोस म्हणजे शंभरच्या दोन बाटल्या, दर तीन आठवड्यांनी, जास्तीत जास्त पस्तीस डोस. एका डोसच्या पैशात माझी दोन एकर केळी लागवडीपासून कापणीपर्यंत निघाली असती. कंपनीची एक मदत योजना होती, ठरावीक डोस विकत घेतले की पुढचे त्यांच्याकडून. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, डॉक्टरांचं पत्र, आणि प्रत्येक वेळी रिकाम्या बाटल्या परत. पहिल्या डोसांसाठी दीड एकर विकली, रस्त्यालगतची. मेहुण्याने हातउसने दिले. नाही म्हटलं तरी त्या रस्त्याने जाताना मी अजून दुसरीकडे बघतो.

दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत आमच्या शेजारी धुळ्याकडचा एक तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट होता. तो म्हणाला, मला याच्यासारखंच औषध फक्त वीस मिलिग्रॅम देतात, परवडतं. मी लगेच डॉक्टरांना जाऊन विचारलं. खरंच तसा अभ्यास टाटाच्याच डॉक्टरांनी केला होता, १५१ पेशंटवर, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. निव्होलुमॅब, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, किमोच्या गोळ्यांसोबत. पण तो तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा. आतड्यासाठी तसा पुरावा हाती नाही, म्हणून तुमच्यावर तो प्रयोग करणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. जमीन गेली ती गेलीच.

पहिला डोस जून २०२३ मध्ये, मुंबईला. मी मनात केवढी तयारी केली होती. नर्सने सुई लावली, नळीत एक छोटी गाळणी असते ती दाखवली, अर्ध्या तासात संपलं. मी विचारलं, "एवढंच?" ओकारी नाही, केस गेले नाहीत. संध्याकाळी दादरला वडापाव खाल्ला.

तिसऱ्या डोसपासून जळगावला घ्यायला लागलो, मुंबईचा सल्ला आणि जळगावची खाट. बाटल्या दोन ते आठ डिग्रीत ठेवायच्या, गोठूही द्यायच्या नाहीत. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या, मध्ये पुठ्ठा, मग बाटल्या. हे मला लगेच जमलं. केळीचं उलटं असतं, तिला तेराच्या खाली नेलं की सालं काळी पडतात. रायपनिंग चेंबरवाला मित्र म्हणाला, तुझं औषध माझ्या चेंबरमध्ये ठेवू का? म्हटलं, बाबा, तुझी केळीच सांभाळ.

प्रत्येक डोसआधी रक्त: लिव्हर, किडनी, साखर, थायरॉइड. सहाव्या डोसच्या वेळी मला बसल्या जागी झोप यायला लागली, पाय सुजले, आवाज जड झाला. थायरॉइडचं टीएसएच निघालं ४८, खूपच वाढलेलं. ब्रेक सोडलेल्या सैनिकांनी माझ्या थायरॉइडलाच शत्रू समजून मोडून टाकलं होतं. आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, जन्मभर. हे औषध घेणाऱ्या बऱ्याच जणांना होतं म्हणे. मी तक्रार करत नाही, पण लिव्हरचं ऐकताना गळ्याचंही ऐकून ठेवा.

पहिला स्कॅन ऑगस्टमध्ये. घरात कानबाईच्या रोटांची तयारी चालू होती. रिपोर्टमध्ये तीनपैकी एक डाग वाढलेला, दोन तसेच. घरात कोणी बोलेना. नातेवाइकांनी परत फोन सुरू केले, अमुक वैद्य, तमुक काढा. डॉक्टरांनी मात्र स्कॅनसोबत मला बघितलं. वजन दोन किलो वाढलेलं, सीईए ८४ वरून ६१. म्हणाले, सैनिक पेशी गाठीत शिरल्या की कधी कधी ती आधी फुगलेली दिसते. तसं नेहमीच असतं असं नाही, बहुतेक वेळा वाढ ही वाढच असते. पण तुमची तब्येत सुधारते आहे, म्हणून आणखी काही आठवडे थांबून बघू. त्या आठवड्यांत मी सकाळी उठलो की आधी आरशात डोळे बघायचो, पिवळे झाले का म्हणून.

नोव्हेंबरच्या स्कॅनमध्ये तिन्ही डाग निम्म्यावर. सीईए ९.

काढ्यावरून आठवलं. इम्युनोथेरपी म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं प्रतिकारशक्ती वाढवायची. मावशीने गुळवेलीचा रस पाठवला होता, दोन आठवडे घेतलाही. डॉक्टरांना सांगितलं तर लगेच बंद करायला लावला. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि उद्या तुमचं लिव्हर बिघडलं तर ते माझ्या औषधाने, आजाराने की तुमच्या काढ्याने हे मी कसं ओळखणार, असं त्यांचं म्हणणं. बरोबर आहे. मावशी अजून रागात आहे.

आता भरताची गोष्ट. डिसेंबर आला की आमच्याकडे मळ्यात भरीत होणारच. तुराट्यांवर भाजलेली वांगी, बडगीत ठेचलेली मिरची-लसूण, तेलाचा हात सैल, सोबत कळण्याची भाकरी. नववा डोस होऊन पाच दिवस झाले होते. नोव्हेंबरच्या रिपोर्टच्या आनंदात चाळीस माणसं जेवली आणि मीही पोटभर. दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू. दिवसाला पाच-सहा वेळा, आव पडलेली, पोटात कळ. सगळ्यांनी भरताला दोष दिला. गावातल्या डॉक्टरने जुलाब थांबवायची गोळी आणि अँटिबायोटिक दिलं. दोन दिवस गेले, तीन गेले.

बायकोनेच पाकिटातलं कार्ड काढलं. पहिल्या डोसच्या वेळी नर्सने दिलं होतं, मी इम्युनोथेरपी घेतो असं लिहिलेलं, खाली फोन नंबर. ती म्हणाली, "भरीत चाळीस जणांनी खाल्लं, जुलाब तुम्हालाच कसे?" या एका प्रश्नाने माझं आतडं वाचलं असं मी मानतो. फोन लावला. तिकडून पहिलं वाक्य: आजच या, उद्या नको.

तपासण्या झाल्या, शौचाची, मग दुर्बीण. आतड्याला आतून सूज, जंतू नाहीत. पुन्हा तेच, सैनिक आपल्याच घरावर चालून आले होते. प्रेडनिसोलोन ६० मिलिग्रॅम सुरू झालं. तीन दिवसांत जुलाब आटोपले, पण गोळी एकदम थांबवता येत नाही, सहा आठवडे पायरी पायरीने उतरवली. तोंड सुजलं, साखर चढली, रात्रभर झोप नाही, पहाटे तीनला मी मोटर चालू करायला जायचो. डोस बंद होते तेव्हा मला भीती होती की डाग परत वाढतील. फेब्रुवारी २०२४ च्या स्कॅनमध्ये औषध बंद असतानाही ते आणखी लहान झाले होते. डॉक्टर म्हणाले, एकदा ओळख पटली की सैनिक लक्षात ठेवतात. मग परत सुरू केलं, जपून.

म्हणून हे औषध घेणाऱ्याने जुलाब, खोकला-दम, डोळे पिवळे, खूप तहान, यातलं काहीही झालं तर गावात गोळी घेत बसू नये. किमोच्या पेशंटला ताप आला की पळतात, तसं इथे जुलाबाला पळायचं. गावच्या डॉक्टरला नावं ठेवत नाही, त्यांनी असा पेशंट कधी पाहिलाच नव्हता. आता ते मला बघून इतरांना सांगतात.

उरलेले डोस एकसारखेच गेले, त्यांचं काय लिहायचं? जळगावची तीच खाट, तोच पंखा, शेजारी किमो घेणारी माणसं. माझी अर्ध्या तासात सुटका, त्यांची दिवसभराची. कधी कधी निघताना त्यांच्याकडे बघवायचं नाही. पस्तिसावा डोस गेल्या ऑगस्टमध्ये झाला, २०२५ ला. लिव्हरवर आता एका जागी व्रणासारखी खूण दिसते, बाकी दोन सापडत नाहीत. बरा झालो असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. दर तीन महिन्यांनी स्कॅन आहे.

एक गोष्ट मात्र औषधाने संपली नाही. त्या दोन प्रथिनांचा रिपोर्ट आला तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी कागदावर आमचं खानदान काढलं होतं, चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. वडील १९८८ मध्ये गेले, त्रेचाळिसाव्या वर्षी, पोटात गाठ होती एवढंच आम्हाला माहीत. आत्याची पिशवी काढली होती, कॅन्सर म्हणून, सत्तेचाळिसाव्या वर्षी. मी म्हटलं, ते बायकांचं, त्याचा इथे काय संबंध? त्या म्हणाल्या, तोच तर संबंध. माझ्या रक्ताच्या तपासणीत एमएसएच२ या जनुकात बिघाड निघाला. लिंच सिंड्रोम म्हणतात. आतडं आणि गर्भाशय, दोन्हीकडे कॅन्सरचा धोका वाढतो, आणि प्रत्येक मुलाकडे तो बिघाड जायची शक्यता निम्मी-निम्मी.

पोरगी तपासायला लगेच तयार झाली, तिच्यात नाही निघालं. मुलगा सव्वीसचा, त्याच्यात निघालं. त्या रात्री मी जेवलो नाही. तोच माझ्याजवळ येऊन बसला, म्हणाला, "पप्पा, आजोबांना कोणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलंय." त्याची दुर्बिणीची तपासणी झाली, एक लहानसा कोंब सापडला, तिथल्या तिथे काढला. आता दर वर्षी.

धाकटा भाऊ चव्वेचाळीसचा. वडील गेले त्या वयाच्या एक वर्ष पुढे. दोन वर्षं तो टाळत होता. मला काही होत नाही, कांदेबागेची गडबड आहे, पोराचं लग्न होऊन जाऊ दे. मी समजावलं, पोरीने समजावलं, बहिणीने शपथ घातली. शेवटी आईने त्याला एकदाच विचारलं, "तुले बी तुना बापना मायेक जाणं शे का?" म्हणजे, तुलाही तुझ्या बापासारखं जायचंय का? त्यावर तो काही बोलला नाही, पण आठवड्याने त्याने मला फोन करून जळगावच्या डॉक्टरांचा नंबर मागितला.

रक्ताचा रिपोर्ट आला, बिघाड त्याच्यातही आहे. दुर्बीण येत्या मंगळवारी. सोमवारी संध्याकाळपासून ते पोट साफ करायचं पाणी प्यायचं, ग्लासामागून ग्लास. त्याला सांगून ठेवलंय की सोमवारी शेतातल्या खोलीवर झोपू नको, घरी ये, आणि मोरीशेजारची खोली तुझी.